औषध रोजचं, चिठ्ठी कधीची?

रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवायची, ‘ह्याच दोन द्या’ म्हणायचं, पैसे देऊन निघायचं. बीपी, शुगर, थायरॉइडचं महिन्याचं औषध घरोघरी असंच येतं. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, तीही कुठल्या फाइलीत आहे ते आठवत नाही. हे थांबायला हवं.

त्यासाठी नवा कायदा नको. १९४५च्या औषध नियमांतला ६५वा नियम पुरेसा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळणारं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. पण किती वेळा आणि किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर तेवढ्या वेळा देता येतं. दर वेळी दुकानदाराने चिठ्ठीवर आपलं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची.

म्हणजे ‘तीन महिने, दर महिन्याला’ एवढी एक ओळ हवी. ती असली की नुसत्या चिठ्ठीसाठी दर महिन्याला दवाखान्यात ताटकळावं लागत नाही, आणि तीन महिन्यांनी बीपी तपासायला जाणं टळतही नाही. पण डॉक्टर ‘चालू ठेवा’ म्हणतात. कधीपर्यंत, ते लिहीत नाहीत. मग तोच डोस वर्षानुवर्षं चालू राहतो.

आता दुकानाकडे वळू. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. कित्येक दुकानांत त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर भलताच कुणी उभा असतो. हा निव्वळ कागदी गुन्हा नव्हे. हृदयाचे डॉक्टर ॲम्लोडिपिन देतात. फॅमिली डॉक्टर दुसऱ्या कंपनीची, टेल्मिसार्टनसोबतची जोडगोळी देतात, तिच्यातही ॲम्लोडिपिन. डबे वेगळे, रंग वेगळे, औषध एकच, दुप्पट. पाय सुजतात, चक्कर येते. मग सुजेसाठी तिसरी गोळी सुरू होते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी पाहू शकतो तो फार्मासिस्ट. तोच जागेवर नसेल, तर पाहणार कोण?

आणि आपण? पाच टक्के जास्त सूट दिसली की दुकान बदलतो. निम्मं औषध नाक्यावरून, निम्मं ॲपवरून. मग पूर्ण यादी कुणाकडेच राहत नाही. रोजच्या औषधासाठी एकच दुकान धरा. सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्याकडे ठेवा, आयुर्वेदिकसकट. बीपीची स्ट्रिप पंधराची, शुगरची दहाची, म्हणून एक आज संपते, दुसरी पाच दिवसांनी. सगळ्या एकाच दिवशी संपतील असा हिशोब एकदा लावून घ्या. आठवडा उरला की फोन करा. स्ट्रिप कापून घेताना तारखेचं टोक दुकानातच राहत असेल, तर तारीख लिहून मागा. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास कॅल्शियम घ्यायचं नाही, हे काउंटरवरच सांगितलं गेलं पाहिजे.

पुढच्या वेळी दवाखान्यातून उठण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे किती महिने घ्यायचं, आणि परत कधी यायचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. दुकानात गेल्यावर तिसरा विचारा: फार्मासिस्ट कोण? महिनोन्‌महिने ‘आत्ताच बाहेर गेलेत’ हेच ऐकू आलं, तर तुमचं रोजचं औषध दुसऱ्या दुकानात न्या.