भिंतीतले भोक

वाघोलीत फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डर आधी नकाशा दाखवतो. त्यात सोसायटीच्या मागून विकास आराखड्यातला ऐसपैस डीपी रस्ता गेलेला असतो, कडेला झाडे आणि झाडांखाली फिरायला निघालेले एक गोरेपान कुटुंब. ताबा मिळाल्यावर मागे जाऊन पाहावे, तर निळा पत्रा आणि पत्र्यापलीकडे ज्वारी.

पुणे महापालिकेला बोल लावू नये. तिने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पोटात घेतली, तोवर इमारती उभ्या राहून त्यांच्या टाक्या गळूही लागल्या होत्या. शेते लांबट पट्ट्यांची. ज्याने जो पट्टा घेतला त्याने हमरस्त्यापासून आपल्या शेवटच्या इमारतीपर्यंत सिमेंटची गल्ली ओतली आणि बांध होता तिथे भिंत घातली. शेजारच्याने त्याच भिंतीला पाठ लावली. गल्ल्या शेकड्यांनी झाल्या, पण एक गल्ली दुसरीला भेटेल तर शपथ! सगळ्यांची भेट नगर रस्त्यावर, सकाळी नऊला, एकदम. मग वरून उड्डाणपूल मागायचा. रस्त्यांच्या राहिलेल्या तुकड्यांना महापालिका ‘मिसिंग लिंक’ म्हणते. जागेच्या बदल्यात ती टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, देऊ करते, मालक रोख मागतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे रस्ता होत नाही. (पेठेतला माणूस बोळातून बोळात शिरत पायी मंडई गाठतो. मागासलेपण, दुसरे काय!)

आमच्या मागच्या भिंतीला लागूनच शाळा आहे. तिची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते. त्याच शाळेची बस मुलांना न्यायला पाऊण तास आधी येते.

या भागात नगररचनेचे म्हणावे असे एकच काम झाले आहे आणि ते धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी केले. त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यातल्या विटा काढून माणूस वाकून जाईल एवढे भोक पाडले. अलीकडे पायरीला दगड, पलीकडे रंगाचा पालथा डबा. भूसंपादन नाही, टीडीआर नाही, नारळसुद्धा नाही. आता त्यातून दूधवाला येतो, इस्त्रीवाला येतो, उशीर झाला की दप्तर पुढे ढकलून मुलेही जातात.

साहजिकच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सुरक्षेचा प्रश्न निघाला. भोक तातडीने बुजवावे, असा ठराव एकमताने झाला. सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागवली. दोन गवंडी नगर रस्त्यावर अडकले. तिसरा वेळेवर पोचला, गुडघ्याची माती झटकत.