तांब्या मुद्देमालात

अहो, ऐकलंत का? ते वाळत घालणं राहू द्या जरा, इकडे या भिंतीशी. समोरच्यांचं कळलंच असेल. म्हणजे पोलिसांची गाडी आली ती अख्ख्या पेठेनं बघितली, पण आतलं काय ते... आमचे हे पंच होते ना पंचनाम्याला! दोन दिवस माझ्यापाशीसुद्धा तोंड उघडलं नाही. काल थालीपीठावर लोण्याचा गोळा ठेवला, तेव्हा कुठे सुरू झाले.

तर पोरगा रिपीटर, एकोणीस पूर्ण. क्लासच्या टेस्टचे मार्क हल्ली थेट बापाच्या मोबाइलवर येतात हो! रविवारी जेवताना निघालं. बाप म्हणाला, "एवढी फी भरली." तो म्हणाला, "मी कुठे भरा म्हटलं होतं?" आणि मग तो पाण्यानं भरलेला तांब्या... कपाळाला तीन टाके.

दवाखान्यात आई काय म्हणाली असेल? "न्हाणीत पाय घसरला." डॉक्टर तसंच लिहायला लागले, तर पोरगा पडल्या पडल्या म्हणतो कसा, "पप्पांनी तांब्या मारला." बापाचा चेहरा असा उतरला म्हणे, की केसपेपर हातातून गळाला. दवाखान्यातून वर्दी गेली, पोराचा जबाब झाला, संपलं!

तर काय सांगत होते... हां, वकीलवहिनी. संध्याकाळी ओट्यावर आम्हा सगळ्यांची शाळाच घेतली त्यांनी. जुनं ३२३ कलम गेलं, १ जुलै २०२४ पासून ११५. नुसता हात उचलला तर अदखलपात्र, फार तर एक वर्ष, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. पण जिवावर बेतेल अशा वस्तूनं मारलं, तर ११८, तीन वर्षांपर्यंत! मग काय, तांब्या हत्यार की भांडं, यावर ओटा दुभंगला. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "असं असेल तर आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराला लायसनच लागलं असतं." हसून हसून पुरेवाट. "बापानं मारलं म्हणून कोणी पोलिसांत जातं का," हेही झालं. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात ती वरच्या मजल्यावरची धाकटी, आटपाडीकडचं माहेर तिचं, हळूच म्हणाली, "आमच्याकडे जात्याचा खुंटा होता."

अहो, सगळे चिडीचूप. ते आपण सगळ्यांनीच पेपरात वाचलेलं की, २०२५ च्या जूनमधलं. सतरा वर्षांची पोर, दहावीला बाण्णव टक्के. नीटच्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले, एवढंच. बाप स्वतः मुख्याध्यापक. पोरीनं उलटून त्याच्याच मार्कांचं काढलं म्हणे. आणि पोरगी घरात तशी पडलेली असताना दुसऱ्या दिवशी तो शाळेत योगदिनाला गेला होता, म्हणतात. सांगलीला नेईपर्यंत फार उशीर... फिर्याद तिच्या आईनंच दिली हो. आजींनी पदर तोंडाला लावला. मगाचं हसू कुठं लपवावं कळेना मला.

तर पंचनामा राहिलाच. तांब्या मोरीत घासून पालथा ठेवला होता, आईनंच. हवालदारांनी विचारलं तर तिनं आणून दिला, पण हातातून सोडेना. म्हणाली, "परत कधी मिळेल?" ते म्हणाले, "मुद्देमाल आहे बाई, कोर्ट सांगेल तेव्हा." मग वर्णन लिहायचं म्हणून आमच्या ह्यांना म्हणाले, "काका, त्यावर नाव घातलंय ते वाचा जरा मोठ्यानं." ह्यांनी चष्मा पुसला न् वाचायला लागले... बारशाचा आहेर, चिरंजीव अमुक यास, मामाकडून. पोराचंच नाव हो! बाप तिथंच उभा होता, दाराला धरून. हे म्हणतात, तारीख वाचायला मला आवाजच फुटेना.

थांबा, त्या समोरच्या आल्या बघा गच्चीत. तुम्ही कपडे झटका, कपडे.