अकरा टक्के

डोंबिवलीहून निघताना फोनमध्ये अकरा टक्के होते. "चार्जिंगला लाव थोडा वेळ," असं बायको म्हणालीही होती. पण बॅटरीकडे मी अजून स्कूटरच्या रिझर्व्हसारखाच बघतो. पूर्वी बजाज बंद पडली की तिला जरा आडवी करायची. टाकीच्या कोपऱ्यातलं चमचाभर पेट्रोल खाली उतरायचं आणि पंप गाठता यायचा. फोन आडवा केला तर नुसता पडदा फिरतो.

शाळेतले आम्ही चौघं, साठीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारे, रविवारी माटुंग्याला डोसा खायला जमलो होतो. हॉटेलबाहेर ही गर्दी. नाव सांगून फुटपाथवर ताटकळायचं. तेवढ्यात सगळ्यांचा एक फोटो घ्यावा म्हणून मी कॅमेरा उघडला आणि अकरावरून थेट काळोख. दहा नाही, पाच नाही, निरवानिरवीची भाषा नाही.

"अकरा म्हणजे अकरा नसतात रे," आमच्यातला निवृत्त वीज अभियंता म्हणाला. निवृत्तीनंतर त्याला असे प्रसंग क्वचितच मिळतात, त्यामुळे त्यानं सावकाश समजावलं. तो आकडा हा फोनचा अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोन नुसता पडून असला तर सगळं ठीक; कॅमेऱ्यानं एकदम करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन डोळे मिटून घेतो.

"म्हणजे आपल्यासारखंच," दुसरा म्हणाला. "आरामखुर्चीत आपणही ठणठणीत असतो. सिलिंडर सरकवायला सांगितला की कळतं."

आता त्या फोनमध्ये माझं परतीचं तिकीट होतं. खिशात नावाला वीस रुपये. शिवाय बायकोनं सांगितलेली कॉफी पावडरही फोनमध्येच: किती ग्रॅम आणि चिकोरी किती टक्के. तिकिटाविना पकडलो गेलो तर किमान अडीचशे रुपये दंड, हे ठाऊक होतं. चिकोरी चुकली तर किती, ते लग्नाला तीस वर्षं होऊनही सांगता येत नाही.

एकाकडे पॉवरबँक होती. पूर्वी शेजारी विरजण मागायला जायचे तसा मी हात पुढे केला. पण विरजण कुठल्याही दुधाला लागतं. इथे आधी गोत्र विचारतात. "पिन कोणती?" त्याची सी, दुसऱ्याची जुन्या आयफोनची, माझी त्याहून जुनी, चपटी. आयफोननंसुद्धा २०२३मध्ये सी पिन घेतली; मी मात्र कुळाचार सोडला नव्हता. पत्रिका काही जुळेना.

शेवटी गल्ल्यावरच्या अण्णांनी ड्रॉवरमधून वायरींचा गुंता काढला आणि त्यात माझ्या कुळातली एक निघाली. फोन गणपतीच्या तसबिरीखाली, उदबत्तीशेजारी विसावला. बालवाडीच्या पहिल्या दिवशी आई फाटकाशी घुटमळते तसा मी दर घासाला तिकडे बघत होतो. बिलाचं मला कुणी विचारलंही नाही. सुतक असलेल्या माणसाला कोण काय मागणार? ते बघून मी एक रसमवडा जास्तीचा मागवला.

माटुंग्यात शेवटच्या घोटाबरोबर बिल येतं, त्यामुळे फोनला जेमतेम नऊ टक्के मिळाले. चिकोरीचा आकडा तेवढा पाहून घेतला आणि फोन अंड्यासारखा जपत स्टेशन गाठलं. आता टीसी दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

पुलाचे जिने चढताना मागे पाहिलं तर अभियंता अर्ध्यावरच थांबलेला. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात कॉफी पावडरीची पिशवी. माझीच. आम्ही तिघं थबकलो.

"काय रे, बरं वाटतंय ना?"

बोलायला त्याला थोडा वेळ लागला.

"काही नाही," तो म्हणाला, "कॅमेरा उघडला गेला."