खारे संस्थान

दुकानातली कोरी वस्तू पूर्ण किमतीला विकत घेणे म्हणजे स्वतःच्या बुद्धीचा जाहीर लिलाव मांडणे होय, अशी ज्यांची बालपणापासून धारणा असते, त्या वर्गात आमचे साडू मोडतात. गिरगावात होते तेव्हा त्यांची सायकल चोरबाजारातली, पुस्तके फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरची आणि चष्म्याची एक काडी दिवंगत काकांच्या चष्म्याची होती. पुढे न्यू जर्सीतल्या एडिसन गावी स्थायिक होऊन, उत्तम पगार आणि दोन मोटारी पदरी आल्यावरही, शनिवारी सकाळी कुणाच्या तरी अंगणातल्या गराज सेलमधून एखादा बिनदांड्याचा कुकर घेऊन ते ज्या मुद्रेने परततात, ती मुद्रा वसई सर करून आलेल्या चिमाजीअप्पांच्या मुखावर तरी विलसली असेल की नाही, याची मला शंका आहे. अशा माणसाला वस्तूची गरज असावी लागत नाही. तिची किंमत उतरलेली असली की पुरते.

गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे कुटुंब तीन महिन्यांच्या मुक्कामाला त्यांच्याकडे गेलो असताना, एका रात्री ताक पिता पिता त्यांनी जाहीर केले, की होबोकनला एका तरुणाकडे 75 गॅलनची, म्हणजे आपल्या हिशेबाने 284 लिटरची, खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी विकाऊ असून, खडक, वाळू, मासे, दिवे, पंप असा तिचा सारा लवाजमा तो चारशे डॉलरला देतो आहे.

"पाण्यासकट!" ते म्हणाले.

"तो का विकतोय?" मेहुणीने विचारले. पुढील तीन महिन्यांत ह्या विषयावर त्या घरात जे जे बोलले गेले, त्यात शहाणपणाचे वाक्य हे एवढेच.

"बदली झालीय त्याची," साडू म्हणाले. बदली खरी होती; पण टाकीचे पैसे मोजून घेताना त्या तरुणाच्या चेहऱ्यावर, सारा माफ झालेल्या कुळाच्या चेहऱ्यावर दिसावे, तसे जे समाधान पसरले, ते नुसत्या बदलीचे नव्हते.

साडूंच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की हा मोह त्यांना आजचा नव्हता. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले, आणि गिरगावातल्या कित्येक पिढ्यांची नाके त्याच्या काचांना लागून चपटी झाली; त्यांत साडूंचेही एक होते. शिवाय त्यांचा व्यासंग मोठा. 1854 साली 'द अक्वेरियम' हे पुस्तक लिहून इंग्रजांच्या दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवणारा फिलिप गॉस त्यांना घरच्यासारखा. आणि जकार्त्याच्या ली चिन एंग ह्या गृहस्थाने 1961 च्या सुमारास समुद्रातला जिवंत खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच भांडवलावर प्रवाळ कसे जगवले, ही कथा ते सत्यनारायणाच्या पोथीसारखी ऐकवतात. जकार्त्याला समुद्र लागून आहे आणि एडिसनला टर्नपाइक, हा फरक त्यांच्या लेखी किरकोळ होता.

मोहीम रविवारी निघाली. जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एवढ्या टाकीतल्या पाण्याचाच भार सुमारे 290 किलो भरतो, तेव्हा ती रिकामी केल्याशिवाय उचलता येत नाही, आणि तळाला वाळू राहिली तरी सिलिकोनचे सांधे उकलण्याचे भय असते. शिरस्ता असा, की आधी थोडे स्वच्छ पाणी बादल्यांत काढावे, त्यात प्रवाळ आणि खडक बुडवून ठेवावेत, आणि लपायला जागा उरली नाही की शेवटी मासे धरावेत. बाकीचे पाणी मोरीत सोडायला हरकत नसते. कारण माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जे जीवाणू सारा कारभार चालवतात, ते कारकून पाण्यात क्वचितच आढळतात. त्यांची दप्तरे खडकाच्या सांदीकोपऱ्यांत मांडलेली असतात. हे त्या तरुणाने परोपरीने सांगितले. पण पाणी किमतीत धरलेले होते! त्यामुळे तेरा बादल्या तीन जिने उतरल्या. त्यांतल्या चार जिन्यावरच कामी आल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंनी दार उघडून, बाहेर भरती आली आहे काय, अशा नजरेने आमच्याकडे पाहिले.

मासे 25 अंशांच्या पाण्यातले आणि बाहेर बर्फ पडू घातलेले, म्हणून गाडीतला हीटर पूर्ण सोडलेला. लोकरीच्या कोटांत आम्ही दोघे घामाने निथळत होतो, बॅटरीचा चिमुकला पंप बादलीत बुडबुडे सोडत होता, आणि ती बादली माझ्या मांडीवर होती. दर वळणाला हिंद आणि प्रशांत महासागरांचा काही अंश माझ्या विजारीत रुजू होत असे.

"सांभाळा हं भाऊ," साडू म्हणत, ते अर्थातच माशांना उद्देशून.

घरी आल्यावर टाकीचे आसन पाणसळ लावून सपाट करणे, सांडलेल्या पाण्याची भरपाई म्हणून गाळलेल्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम ह्या मानाने मीठ कालवणे, असे बरेच काही यथासांग झाले. घात केला तो वाळूने. सात वर्षांची ती वाळू वरून पांढरीशुभ्र, पण दोन बोटे खाली काळीठिक्कर, आणि ढवळताच तिच्यातून नासक्या अंड्यांचा जो दर्प उठला, त्याने देवघरातली उदबत्ती शरण आली. अशी वाळू टाकून द्यावी, निदान पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी, असे साडूंनीच जमवलेल्या पुस्तकांत लिहिलेले होते. "पंचवीस किलो वाळू, भाऊ! विकत आणली तर केवढ्याला पडेल?" असे म्हणून त्यांनी ती जशीच्या तशी आत घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीत पहिल्या पावसानंतरच्या विहिरीचे पाणी होते. परीक्षानळीत जे पिवळे राहायला हवे ते हिरवे झाले, म्हणजे अमोनिया माजला. झाडलोटीची कोळंबी सायंकाळपर्यंत गेली, गोगलगाई उताण्या झाल्या, आणि प्रवाळांनी, जप्तीचा कारकून दिसताच दुकानदार फळ्या लावतात, तशी आपली तोंडे मिटून घेतली. मग तीन दिवसांत तीनदा अर्धे पाणी बदलावे लागले. मिठाचे पिंप आणि नव्या वाळूची पोती साडूंनी पूर्ण किमतीला, भर दुकानातून आणली. आयुष्यातला पहिलाच प्रसंग. ती पावती त्यांनी, परस्त्रीचे पत्र लपवावे तशी, कोटाच्या आतल्या खिशात लपवली होती. मेहुणीला ती सापडली. ती काही बोलली नाही, फक्त फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवली.

त्या आठवड्यानंतर घराची घडी बदलली. शाकाहारी घरातल्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या पुडीशेजारी गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या आल्या. न्हाणीघरातल्या टबात मीठ मुरू लागले. टाकीतल्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व 1.025 वरून 1.026 वर गेले तर ज्यांची झोप उडे, त्या साडूंना आमटीत मीठ पडलेलेच नाही, हे तिसऱ्या भुरक्यालाही कळत नसे. एकदा तर खडकावर ऐप्टेशिया नावाचे उपद्रवी समुद्रफूल उगवले, जे तोडावे तर तुकड्यागणिक नवे उगवते, तेव्हा तो खडकच उकळून काढावा म्हणून त्यांनी मेहुणीचे मोठे पातेले शेगडीवर चढवले. दैवाने त्या तरुणाला फोन करण्याची बुद्धी झाली. तो पलीकडून अक्षरशः ओरडला. कारण त्या खडकावर झोअँथिड जातीचे जीव होते, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असते, आणि त्याची वाफ श्वासात जाऊन अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. पातेले उतरले. पुढे पेपरमिंट कोळंबीने ते फूल खाल्ले.

ह्या संस्थानाची खरी अधिपती मात्र साडू नव्हेत. ती मादी क्लाउनफिश. हे नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे जन्मतः सगळे नरच असतात. त्यांतला जो थोरला आणि दांडगा तो मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर होतो, आणि उरलेले उमेदवारीवर राहतात. मादी मेली तर नरास मादीपदी बढती मिळते. ही व्यवस्था साडूंनी आम्हाला जेवताना समजावून सांगितली, तेव्हा मेहुणी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "बघा भाऊजी, माशांना कळतं." चार इंचांचीही नसलेली ती मादी आपल्या समुद्रफुलापाशी कोणाचाही हात आलेला खपवून घेत नाही, आणि साडूंच्या मनगटावर तिच्या हुकमतीचे शिक्के होतेच.

आमचा परतीचा आठवडा आला, आणि नेमकी त्याच वेळी शिकागोला साडूंच्या पुतण्याची मुंज निघाली. चार दिवसांसाठी कारभार माझ्या हवाली झाला. फ्रीजवर, त्या पावतीच्या खाली, सतरा कलमांचा हुकूम डकवलेला होता: उडून जाते ते पाणी, मीठ मागेच राहते, सबब रोज भर घालायची ती बिनमिठाच्याच पाण्याची, दिवे नवाला बंद, खाणे चिमूटभर, माशांनी कितीही आर्जव केले तरी. त्याखाली मेहुणीच्या अक्षरात, "आमटी निळ्या डब्यात आहे, मीठ चाखून घ्या."

दुसऱ्याच रात्री प्रवाळाचा एक तुकडा घरंगळून समुद्रफुलावर पडला. बाह्या सारून मी हात आत घातला, आणि त्या क्षणी कुटुंबाला हाक मारली, की अशा प्रसंगी काय करावे, ते त्या कागदावर बघ. ती चष्मा शोधून, फ्रीजपाशी जाऊन, पहिल्या कलमापासून सावकाश वाचू लागली. चौदावे कलम तिने वाचले तेव्हा माझा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

"मादी चावल्यास हात झटकू नये. ती घाबरते."