अखंड सेवेचा एकच प्लग

भोपाळच्या बिट्टन मार्केटजवळच्या एका कार्यालयाची दूरदृष्टी वंदनीय आहे. सेवा अखंड चालावी म्हणून तिथे दोन सर्व्हर आहेत. दोघांचे आयपी पत्ते वेगळे, जगाला दाखवायचा आभासी पत्ता मात्र सामाईक. एक पडला की दुसऱ्याने तो पत्ता उचलायचा. मधला संपर्क तुटला, तर दोघेही त्यावर हक्क सांगतात. कार्यालयीन शिस्तीला हे धरूनच आहे. शेजारच्या हाटातली भाजीवाली दोन टोपल्या दोन जागी ठेवते, पण तिला निविदा काढायची नसते. इथे काटकसर म्हणून दोघांना एकच एक्स्टेन्शन बोर्ड. मोबाइल चार्ज करायला कुणी त्याचा प्लग काढला, की दोघे एकाच क्षणी, विनातक्रार थांबतात. असा समन्वय दुसऱ्या खात्यात दाखवा! आता तिसरा सर्व्हरही मंजूर आहे. बोर्डात एक जागा रिकामी होती.