आहे, पण देणार नाही

जुन्या मोटारींच्या क्लबाचा अध्यक्ष कुणालाही होता येतं. बंगला, दोन मोटारी आणि रॅलीच्या दिवशी घालायला पांढरी हॅट असली की झालं. सेक्रेटरी मात्र उपजतच असावा लागतो. पुणे, मुंबई, कोल्हापूर, कुठंही चार म्हाताऱ्या मोटारी एकत्र आल्या की त्यांच्यामागे हा माणूस उभा असतो. बँकेतून निवृत्त झालेला, खिशात विजेरी, आणि पिशवीत कसला तरी काळाकुट्ट लोखंडी तुकडा. हॉटेलात तो चहा सांगण्याआधी टेबलावर वर्तमानपत्र पसरतो, त्यावर तो तुकडा ठेवतो आणि म्हणतो, "ओळखा!" आपण ओळखत नाही. तो खूश होतो.

फोनवर तो 'हॅलो' म्हणत नाही, 'कुठली?' म्हणतो. फियाट, म्हणून सांगावं.

"फियाट कुठली? डुक्कर, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट की डिलाइट?"

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या सगळ्या फियाटींची वंशावळ तो एका दमात म्हणतो. पद्मिनीचं नाव त्यात मुद्दाम घेत नाही; ती त्याच्या लेखी अजून घरातली लहान मुलगी. आपल्याला हवं असतं दाराचं एक हँडल. ते ऐकल्यावर तो क्षणभर थांबतो आणि सांगतो, "आहे एकाकडे. पण तो देणार नाही."

या एका वाक्यावर सबंध क्लब चालतो.

पार्ट मिळत नाहीत ही बाहेरच्यांची समजूत. नाना पेठेत विचारावं, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जाऊन गोणपाटावरचा ढीग उपसावा, मुंबईला गेलं तर चोरबाजारात डोकवावं, हे सगळं तो नवशिक्याला करायला लावतो. पण फक्त त्याची हौस फिटावी म्हणून. खरं सामान सभासदांच्याच पोटमाळ्यावर असतं. डाव्या हेडलाइटची रिंग कोथरूडला, उजवी औंधला. दोघांनाही जोडी हवी आहे आणि दोघांनाही आपली रिंग सोडायची नाही. अशा वेळी सेक्रेटरीचं काम वधूवर सूचक मंडळाचं होतं. दोन्ही घरी चहा घ्यायचा, दोन्हीकडे समोरच्याची तारीफ करायची आणि देण्याघेण्याचा विषय मात्र आपण काढायचा नाही. पैसे विचारले तर समोरचा दुखावतो. रिंगेच्या बदल्यात व्हील सिलेंडर, व्हील सिलेंडरच्या बदल्यात किंगपिनचा सेट, अशी साखळी चार घरं फिरून जमते. पाचव्या घरी कुणाची तरी बायको म्हणते, "अहो, ती गोणी मी परवाच भंगारात दिली." सेक्रेटरी तिथंच, दुसऱ्याच्या सोफ्यावर, डोक्याला हात लावून बसतो.

सकाळच्या पेपरात तो आधी निधनवार्ता वाचतो. मृताचं वय ऐंशीच्या पुढे आणि पत्ता जुन्या बंगल्याचा असेल, तर भेटीला जातो. दुःख खोटं नसतं. पण बोलताना नजर खिडकीतून मागच्या शेडकडे जाते. ताडपत्रीखालच्या आकारावरून मॉडेल ओळखणं ही त्याची खासियत. दशक्रिया होईपर्यंत तो गाडीबद्दल चकार शब्द काढत नाही. ही सभ्यता, असं तो मानतो. त्याच्या बायकोचं मत वेगळं आहे.

ज्ञान मात्र अफाट. युद्धापूर्वीची मॉरिस घेऊन कुणी आला की तो त्याला बोल्टची कथा ऐकवतो. मॉरिसनं 1923 मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिसचा कारखाना घेतला. कंपनी मूळ फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक. गिऱ्हाईक इंग्रज, त्याच्या पेटीत व्हिटवर्थचे पाने, म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थ. बरं, मेट्रिक म्हणून बाजारातला आठ मिलिमीटरचा बोल्ट आणावा, तर मॉरिसचे आटे त्याहून बारीक. "थोडक्यात, कुणाचंच काही बसत नाही," तो अभिमानानं सांगतो आणि आपल्याला भवानी पेठेतल्या त्याच्या लेथवाल्याकडे नेतो. लेथवाला एक बोल्ट करायला तयार नसतो, पन्नास करीन म्हणतो. झालं! उरलेले एकोणपन्नास पोटमाळ्यावर जातात, आणि वीस वर्षांनी कुणीतरी फोनवर म्हणतो, "आहे, पण देणार नाही."

सरकारनं 2021 मध्ये पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, अशाच कामांसाठी रस्त्यावर काढायची. सेक्रेटरीनं ते कलम सभेत तीनदा वाचून दाखवलं. तेव्हापासून भाजी आणायला निघालेला प्रत्येक सभासद पोलिसाला सांगतो की पेट्रोल भरायला चाललोय, आणि पुराव्यादाखल टाकी रिकामी ठेवतो. ढकलायला अर्थात सेक्रेटरीलाच बोलावतात.

त्याची स्वतःचीही फियाट आहे. म्हणजे होती. म्हणजे बॉडी आहे, विटांवर. क्लबात तेवढा एकच माणूस असा, की ज्याच्या तोंडून 'देणार नाही' निघत नाही. रॅलीच्या आदल्या रात्री कुणाचा कंडेन्सर जातो, कुणाचा सेल्फ. तो पाना घेऊन आपल्या गॅरेजात शिरतो आणि वहीत नोंद करतो: 'तात्पुरता दिला.' वही दोनशे पानी आहे, दुसरी चालू आहे.

रॅलीला तो रिक्षानं येतो. गाड्या निघाल्या की डोळे मिटून आवाज ऐकतो. कार्बोरेटर, डायनामो, हॉर्न, सगळे त्याच्या ओळखीचे. परवा प्रमुख पाहुण्यांनी हिरवं निशाण खाली ठेवून मोठ्या कौतुकानं विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, यातली तुमची गाडी कुठली?"

सेक्रेटरीनं चष्मा पुसला आणि पिशवीतून वही काढली. "पुढच्या बंपरपासून सुरू करू?"