'रोज दहा स्लँग'वाल्या सरांस खुले पत्र

मा. इंग्रजी-गुरू सर यांस,
मुक्काम पोस्ट मोबाईल.



आपली 'रोज दहा स्लँग' ही व्हिडिओमाला आमच्या चंद्रपूरकडच्या गोंडपिपरीत भक्तिभावाने पाहिली जाते. म्हणजे टॉवर चालू असेल तेव्हा. 'थँक यू' म्हणणारा अडाणी आणि 'चीअर्स, मेट' म्हणणारा सुधारलेला, हे आम्हाला आपल्यामुळेच कळलं. महाराष्ट्र सरकारने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, पण त्यात 'ब्रो' नव्हतं. ती उणीव आपण भरून काढलीत. आमच्या आळीतल्या एका पोराने तर आपला 'चिल' हा शब्द भर मे महिन्यात तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवर वापरून पाहिला. पारा 45च्या वर, बाया उन्हात पुडे उलटवून राहिल्या, मुन्शी म्हणतो पुड्यात सत्तर पानं भरत नाहीत, आणि हा म्हणतो, 'चिल, मावशी.' मावशीने त्याला पुडे मोजायला बसवलं. संध्याकाळपर्यंत शब्द त्याच्या डोक्यातून उतरला होता.

आपला 'गोन्ना'चा पाठही पाहिला. 'गोइंग टू' म्हणू नका, इंग्रज अक्षरं गिळतो तशी गिळा, असं आपण सांगता. गिळण्याची फी 1,999 रुपये, प्रमाणपत्रासह. सर, गिळण्यात आणि बदलण्यात आम्ही जन्माचे तरबेज आहोत. आमच्या झाडीपट्टीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याचा डोरा होतो, आणि कोणाचं काही अडत नाही. फक्त पोरगं वर्गात 'पानी' म्हणालं की त्याला उभं करतात. लंडनच्या पोराने अक्षर खाल्लं तर ती स्टाईल, आमच्या पोराने बदललं तर ती अशुद्ध भाषा. झाडीबोली साहित्य मंडळाने इतकी संमेलनं भरवली, पण फी ठेवायचं काही त्यांना सुचलं नाही. फुकटच्या बोलीला कोण विचारतो?

शब्दांच्या अर्थाबाबत मात्र थोडा घोळ होऊन राहिला आहे. आपल्या पाठात डीपी म्हणजे मोबाईलवरचा फोटो, आणि तो दर आठवड्याला बदलावा असा आपला सल्ला. आमची विजेची डीपी बांधावर असते, खांबाला टांगलेली. ती उडाली की मोटार बंद, आणि पावसाने ताण दिलेला असेल तर धानाचा रोवणा तसाच सुकतो. बदला म्हणून आम्हीही सांगतो, अर्ज देऊन सांगतो.

'घोस्टिंग'चंही तसंच. बोलणं चालू असताना माणूस एकाएकी गायब होतो, फोन उचलत नाही, असा अर्थ आपण सांगितला आणि उदाहरण दिलं प्रेमाचं. आमच्याकडच्या बाया म्हणाल्या, हा तर मिरचीचा ठेकेदार. दरवर्षी इथून गाड्या भरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. शेवटचा हिशेब व्हायच्या वेळी जो घोस्ट होतो, त्याला आमच्याकडे जुने मराठी शब्द आहेत. ते या पत्रात लिहिता येत नाहीत.

आणि सर, याच बाया तिथून एका हंगामात तेलुगू शिकून येतात. नीळ्ळू म्हणजे पाणी, डब्बुलू म्हणजे पैसे, एंता म्हणजे किती. या तीन शब्दांवर मजुरी ठरते आणि तहानही भागते. कोर्स नाही, प्रमाणपत्र नाही, 'कॉन्फिडन्स'वर व्याख्यान नाही. आपण तर पहिला पाठ कॉफी कशी मागावी याचा घेतलात.

खरं सांगायचं तर गोंडपिपरीत इंग्रजी कमी नाही. बीट, राऊंड, कंपार्टमेंट, युनिट, डेपो हे वनखात्याचे शब्द कधी शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा बोलतो. शेजारच्या राजुऱ्यात माणसं मारणाऱ्या वाघाचं नावही 'आरटी-वन' होतं. 2020च्या ऑक्टोबरात तो पकडला जाईपर्यंत गुराख्यांच्या तोंडी तेच होतं. पण या इंग्रजीचे पाठ कोणी घेत नाही, कारण ते ज्याला येतं त्याच्याकडे कुलपाची किल्ली असते. वैनगंगेपलीकडचं गडचिरोली घ्या. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हाती आला, बांबू समोर उभा, पण विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, ज्याला सगळे टीपी म्हणतात. वनखातं तो देईना. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलेलं, पण 1927च्या वन कायद्यातल्या 'ट्री'मध्ये बांबूही बसवलेला. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी दिल्लीहून पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. दोन अक्षरं शिकायला केंद्रीय मंत्री लागला, सर. कायद्याच्या 'ट्री'मधून बांबू निघाला तो 2017 मध्ये, आणि त्याचा फायदाही फक्त जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला.

आपण मात्र आम्हाला 'रिझ' शिकवलंत, म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. ऑक्सफर्डवाल्यांनी 2023चा शब्द म्हणून तो निवडला आणि पुढच्याच वर्षी 'ब्रेन रॉट'वर गेले. आमचा अभ्यास मागे पडला.

तेव्हा एक नम्र विनंती. एखादा भाग टीपीवर करावा. दावा नामंजूर झाल्याचं पत्र कसं वाचावं, 'पेंडिंग' लिहिलेल्या कागदाला काय उत्तर द्यावं, पंचनाम्याखाली सही करण्याआधी कोणती ओळ पाहावी, यावर दहा-दहा शब्द सांगावेत. लाईक आम्ही देऊ. हवं तर शेवटी 'ब्रो'ही म्हणू.

आपला,
एक सबस्क्रायबर, गोंडपिपरी

ता. क. : आपल्या मोफत डेमो क्लासचा फॉर्म संपूर्ण इंग्रजीत आहे. तो भरून द्यायचे सेतूवाला वीस रुपये घेतो. ते फीमधून वजा होतील का, कळवावं.